उभ्या गाडीला वारा

शिवजयंती असो की आंबेडकर जयंती, मराठवाड्यात गावोगाव मोटारसायकलींची रॅली निघते आणि सगळ्यांत पुढं असतात त्या बुलेट. १९ फेब्रुवारीला निभावून जातं. पण १४ एप्रिलला पारा चाळिशीच्या पुढं असतो, समोर डीजेचा टेम्पो असतो आणि त्याच्यामागं पायी माणसाच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबत-सोडत साडेतीनशे सीसीची गाडी सरकत असते. अर्ध्या तासात न्यूट्रल सापडेनासा होतो, मांडीला चटके बसतात आणि करपट तेलाचा वास येऊ लागतो. अशाच एका रॅलीनंतर मी डोंगरकड्याच्या आमच्या मिस्त्रीकडं गेलो आणि म्हणालो, "याला एखादा पंखा बसवून दे बाबा."

त्यानं इंजिनाकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. "बसवतो की मामा. पण वारं आत जाईल कुठून अन् निघंल कुठून, तेवढं सांगा."

मला सांगता आलं नाही. ते शोधण्यात एक उन्हाळा गेला. लांब पल्ल्याची गाडी बाळगणाऱ्या आणि इंजिनाला बाहेरून पंखा लावावा का, या विचारात असलेल्यांसाठी त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

डोंगरकडा म्हणजे कळमनुरी तालुक्यातलं, अर्धापूर आणि वारंगा फाट्याच्या दरम्यानचं केळीचं गाव. केळीवाल्याचं वाऱ्याशी वाकडं. उन्हाळ्यात झळा लागल्या की पानं फाटतात, घड पोळतो, म्हणून आम्ही बागेच्या कडेनं शेवरी लावतो, हिरवी नेट बांधतो. त्यामुळं 'चव्वेचाळीस अंशाचं वारं पंख्यानं इंजिनावर मारून ते गार कसं होईल?' हा प्रश्न आमच्याकडं पहिल्यांदा येतो. उत्तर सोपं आहे. माणसाचं अंग सदतीस अंशाचं, त्यामुळं चव्वेचाळीसचा वारा त्याला भाजतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं हेड चालू गाडीत दीडशे अंशांच्या घरात असतं. त्याला चव्वेचाळीसचा वारा गारच. डिसेंबरच्या पहाटे हवा वीस अंशांवर असेल तर इंजिन आणि हवा यांच्यात एकशे तीस अंशांचं अंतर असतं, मेच्या दुपारी एकशे सहाचं. उष्णता वाहून जायचं प्रमाण या अंतरावर ठरतं, म्हणजे उन्हाळ्यात गारवा साधारण पाचव्या हिश्श्यानं घटतो. एवढ्यानं कुठलंही नीट इंजिन मरत नाही. इंजिन त्रासतं ते ऊन वाढल्यामुळं कमी आणि वारा थांबल्यामुळं जास्त.

पेट्रोल इंजिनाचा ठोकळ हिशोब असा: जाळलेल्या इंधनातला सुमारे तिसरा हिस्सा चाकाला जातो, तिसरा सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला सिलिंडर, हेड आणि ऑइल यांच्यातून हवेत जातो. म्हणजे गाडी जेवढ्या जोरानं ओढते, जवळपास तेवढीच उष्णता त्या अॅल्युमिनियमच्या फिन्सनी बाहेर फेकायची असते. साठच्या वेगानं जाताना समोरून साठच्याच वेगाचा वारा फिन्समधून फुकट जातो. गाडी उभी राहिली की हा वारा शून्य होतो, पण आतली आग काही शून्य होत नाही. उरते ती फक्त गरम हवा वर जाऊन खालची थंड हवा आत ओढली जाण्याची आपोआप चाल, आणि ती वाऱ्याच्या मानानं फार दुबळी असते. बाहेरच्या पंख्याला काम असतं ते एवढ्याच वेळेत. मोटारसायकलवर बसेल असा छोटा पंखा सेकंदाला चार-सहा मीटर वेगानं हवा फेकतो. ताशी वेगात मांडलं तर पंधरा ते वीस किलोमीटर. तुम्ही पन्नासनं चाललेले असाल तर त्या पंख्याचा उपयोग नाही. उलट तो समोर बसवलेला असेल तर चालत्या वाऱ्याच्या वाटेत अडसर होतो. पंखा लावून नागपूरपर्यंत शंभरनं पळवता येईल, असं कुणाच्या डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाकावं.

इंजिनावर पंखा ही कल्पना आपल्याला नवी नाही. चेतक आठवते? बजाजची ही स्कूटर १९७२ पासून कित्येक वर्षं बनत राहिली. तिचं इंजिन मागच्या चाकाशेजारी, डिकीसारख्या फुगवट्याखाली झाकलेलं. समोरचा वारा तिथवर पोहोचायची सोयच नाही. म्हणून मॅग्नेटच्या चक्रालाच पाती होती. इंजिन फिरलं की ती फिरायची, आणि पत्र्याच्या कव्हरातून हवा थेट सिलिंडरच्या फिन्सवर जायची. मागं इंजिन असलेल्या पेट्रोलच्या ऑटोरिक्षांतही हीच युक्ती. बजाजच्या आपल्या वाळूजच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं तीनचाकी बाहेर पडताहेत. भर मेमध्ये नांदेडच्या गर्दीत तीन-चार माणसं घेऊन दिवसभर रखडणारी रिक्षा तापून बंद का पडत नाही, याचं उत्तर त्या पात्यांत आहे. आणि पात्यांपेक्षा जास्त त्या पत्र्यात. कुठल्याही जुन्या रिक्षा मिस्त्रीला विचारा: इंजिन खोललं, जोडताना घाईत सिलिंडरवरचं कव्हर लावायचं राहिलं, तर पंखा नीट फिरत असूनही पिस्टन चिकटतो. वारा होता, पण तो फिन्समधून न जाता वाट फुटेल तिकडं गेला. आमचा मिस्त्री दुकान टाकण्याआधी रिक्षाच दुरुस्त करायचा. त्याचा पहिला प्रश्न तिथून आला होता.

मोटारसायकलला बाहेरून पंखा लावायचा धंदा खरा फोफावला तो अमेरिकेत, हार्ले-डेव्हिडसनच्या जड टूरिंग गाड्यांभोवती. त्यांचं व्ही-ट्विन इंजिन म्हणजे एकामागं एक दोन सिलिंडर. पुढच्याला वारा मिळतो, मागच्याला पुढच्याची उरलेली गरम हवा मिळते, आणि हा मागचा सिलिंडर बरोबर चालवणाऱ्याच्या मांड्यांमध्ये. मिरवणुकीत पायी चालीनं गाडी न्यायची म्हटलं की तिथंही आपल्यासारखीच रड. म्हणून बाजूनं, एअर क्लिनरच्या विरुद्ध अंगाला बसणारे जोडपंखे निघाले. कंपनीनंही आपल्या परीनं उपाय काढले. उभ्या गाडीत तापमान चढलं की मागचा सिलिंडर आपोआप बंद ठेवायची सोय केली, आणि २०१४ च्या काही टूरिंग मॉडेलांत तर हेडभोवती पाणी खेळवलं. ज्या कंपनीनं शंभर वर्षं हवेवर इंजिनं चालवली तिनंही शेवटी पंख्यावर भिस्त ठेवली नाही, हे आपण लक्षात घ्यावं.

आता तुमच्या गाडीकडं येऊ. पंखा विकत घेण्याआधी ठरवा, तापतंय कोण? इंजिन की तुम्ही? मांडी भाजणं आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बीएस-६ नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जोरात तापतो आणि त्याची धग पायाला लागते. इंजिन मात्र आपल्या मर्यादेत असू शकतं. तिथं पंखा नको, उष्णतारोधक पट्टी आणि जाड जीन्स पुरते. इंजिनाचीच तक्रार असेल तर खुणा वेगळ्या दिसतात. चढाला अॅक्सिलेटर दिला की आतून खडखड येते, गाडीची ओढ मरते, गरम झाल्यावर आयडलिंग वर-खाली होतं, क्लच पूर्ण सुटत नाही, आणि थांबून पुन्हा सुरू करताना नखरे होतात.

मोजल्याशिवाय यातलं काही नक्की करू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, पण करोनात कपाळाला लावायचो तो नव्हे. तो अंगाच्या तापापलीकडं मोजत नाही. कारखान्यात वापरतात तो, तीनशे अंशांच्या पुढं जाणारा घ्या. त्यातही एक फसवणूक आहे. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवतो. म्हणून स्पार्क प्लगच्या बुडाजवळ आणि खाली ऑइलच्या टाकीवर, अशा दोन जागी, उष्णता सहन करणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि दर वेळी तिथंच मोजा. वीस किलोमीटर गाडी चालवून आणा, उभी करा, इंजिन चालू ठेवून थांबल्याबरोबर, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी आकडे वहीत लिहा. ऑइल शंभर-एकशेवीसच्या आसपास असेल तर इंजिन मजेत आहे. एकशेचाळीसकडं सरकत असेल तर बंद करा आणि विचार करा.

विचार करायचा तो आधी फुकटच्या गोष्टींचा. आमच्या भागात काळ्या मातीचा चिखल फिन्समध्ये बसतो आणि वाळून विटेसारखा होतो. वरून उसाचं पाचट, कापसाचे तंतू. फिन्स मोकळ्या करायला जुना दात घासायचा ब्रश आणि रॉकेल पुरतं, आणि त्याचा फरक कुठल्याही पंख्याइतका पडू शकतो. ऑइलची पातळी आणि ग्रेड पाहा. रॉयल एनफिल्डच्या बऱ्याच गाड्यांना १५डब्ल्यू-५० लागतं. कुणीतरी स्वस्तात दुसरं ओतलेलं असतं. मागचा ब्रेक चाकाला घासतोय का, चेन फार ताणलीय का, प्लग योग्य नंबरचा आहे का, हे तपासा. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांसाठी आणखी एक गोष्ट. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं बरंचसं आपल्याच उसाचं, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार! इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं, आणि पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं. मिस्त्रीला जेट आणि एअर स्क्रू बघायला सांगा. आणि टूरिंगच्या नावाखाली लेगगार्डला अडकवलेल्या त्या दोन बॅगा, जादा दिवे, पुढच्या मडगार्डला लोंबणारा रबरी फडका, या सगळ्यांनी इंजिनासमोरचा वारा अडवलेला असतो. मी स्वतः पाण्याच्या बाटल्यांची पिशवी बरोबर सिलिंडरच्या तोंडाशी बांधून लडाखला जायची तयारी केली होती. ती काढल्यावर निम्मं दुखणं गेलं.

पाटाच्या पाण्याबद्दलही सांगायला हवं. इसापूरच्या कालव्याला पाणी असलं की गरम गाडीवर बादली ओतायची हौस आमच्याकडं आहे. वाफ निघते, मन गार होतं. पण दीडशे अंशाच्या अॅल्युमिनियमवर एकदम गार पाणी पडलं की धातू एका बाजूनं आक्रसतो, हेड वाकडं होऊ शकतं, गॅस्केट सुटतं. म्हशीला घालतो तशी आंघोळ इंजिनाला घालू नये.

हे सगळं करूनही, आणि तुमचं येणं-जाणं खरंच मिरवणुकीत, घाटातल्या कोंडीत, पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर असेल, तर पंख्याचा विचार करू. गाडी कुठल्या जातीची, यावर सगळं अवलंबून आहे.

डॉमिनार ४०० किंवा २०२३ मध्ये आलेली नवी हिमालयन ४५० अशा पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्यांना बाहेरून काही लावू नका. त्यांना रेडिएटर आहे, त्यामागं कंपनीचा पंखा आहे. तापत असतील तर फ्यूज, कूलंटची पातळी आणि रेडिएटरच्या जाळीतला चिखल बघा.

दुसरी जात म्हणजे इंजिनासमोर ऑइल कूलर असलेल्या, जशी जुनी हिमालयन ४११ किंवा ६५० ची जोडसिलिंडर. पंखा लावायला यांच्यासारखी दुसरी चांगली जागा नाही. कूलर म्हणजे छोटी जाळीच. तिच्यामागं, इंजिनाच्या बाजूला, हवा ओढणारा पातळ पंखा बसवायचा आणि जाळी व पंखा यांच्यामध्ये चारही बाजूंनी पत्र्याची किंवा जाड अॅल्युमिनियमची चौकट करायची, म्हणजे हवा कडेनं न पळता जाळीतूनच येईल. रिक्षातला तो पत्रा इथं कामी येतो. कूलरमागं जागा किती आहे ते आधी मोजा. पुष्कळदा दोन बोटंच जागा सापडते.

तिसरी जात साधी, कूलर नसलेली, आमच्या जुन्या बुलेटसारखी. इथं पंखा पुढं न लावता बाजूला लावावा. बुलेटच्या सिलिंडरच्या फिन्स आडव्या असतात, त्यामुळं बाजूनं आलेली हवा त्यांच्यामधून सरळ पलीकडं निघते, आणि चालत्या गाडीला समोरून मिळणारा वारा तसाच राहतो. धरायला लेगगार्डची नळी आहेच. फिन्सना बोल्ट मारू नये, त्या काचेसारख्या तुटतात. चासीला भोक पाडू नये. तीन मिलिमीटरची पट्टी वाकवून, रबर घालून, क्लॅम्पनं लेगगार्डला आवळावी. एकसिलिंडरी इंजिनाची थरथर कुठलाही साधा नट सोडवते, म्हणून नायलॉनच्या कड्याचे लॉकनट वापरावेत आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाना लावून बघावं. वेल्डिंग करायचीच वेळ आली तर पट्टी गाडीवरून काढून करा. इंजेक्शनच्या गाडीवर जागेवर वेल्डिंग म्हणजे इसीयूवर, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूवर, वीज पाडणं.

पंखा फिन्सपासून तीन-चार बोटं दूर असावा. अगदी चिकटवला तर मधोमध, जिथं मोटर असते तिथं, वाराच लागत नाही, आणि प्लास्टिकही पाघळतं. सायलेन्सरचा बेंड पाइप कुठून जातो ते पाहा. तो बाजूनं जात असेल तर पंखा दुसऱ्या अंगाला. मग गिअरचा लिव्हर, ब्रेकचं पायडल, हँडल पूर्ण वळवल्यावर आणि शॉकअप पूर्ण दबल्यावर चाक, या सगळ्यांना जागा उरते का, हे दोन माणसं गाडीवर बसवून बघा.

संगणकाच्या दुकानातला चौकोनी पंखा स्वस्त पडतो आणि सगळे पहिल्यांदा तोच आणतात. मीही आणला. त्याचा वारा मोकळ्या हवेत बरा वाटतो, पण फिन्सच्या दाटीपुढं त्याचा दम संपतो, आणि पहिल्याच पावसात तो मरतो. मोटारसायकलच्या रेडिएटरसाठी बनलेला, बंदिस्त मोटरचा, पाणी-धूळ सोसणारा बारा व्होल्टचा पंखा घ्या. जुन्या बाजारात चांगले सापडतात. विकत घ्यायच्या आधी फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका.

आता मिस्त्रीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायची रीत, तीही त्याचीच. इंजिन थंड असताना पंखा लावायच्या जागी हातानं धरा, बॅटरीला जोडा आणि उदबत्ती पेटवून त्याच्या तोंडाशी न्या. धूर फिन्समध्ये शिरून पलीकडं निघतो का? की फिन्सवर आपटून परत तुमच्याकडं येतो? निघाला तर कुठं जातो? एअर फिल्टरच्या तोंडात जात असेल तर इंजिन गरम हवा पिणार. तुमच्या गुडघ्याकडं येत असेल तर मांडी आणखी भाजणार. टाकीच्या पोटाखाली साठत असेल तर पेट्रोल तापणार. आम्ही तीन जागा बदलल्या, निम्मा पुडा उदबत्त्या संपल्या, आणि शेवटी पंखा थोडा तिरपा, पुढून मागं हवा ढकलेल असा धरल्यावर धूर सरळ निघाला. मग वरून हवा निसटत होती म्हणून मिस्त्रीनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून छोटी छपरी केली. दिसायला गावठी, पण थर्मामीटरवर सगळ्यांत मोठा फरक त्या छपरीनंच दाखवला.

वायरिंगचं मात्र घाईत उरकू नका. पंख्याची गरज लागते ती गाडी उभी असताना, आयडलवर. आणि गाडी सगळ्यांत कमी वीज बनवते तीही तेव्हाच. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो. जुन्या हॅलोजनचा बल्ब म्हणजे साडेचार-पाच अँपिअर. त्यात ब्रेक दाबून उभे असाल तर मागचा दिवा, इंजेक्शनचा पेट्रोल पंप, आणि त्यावर आता चार अँपिअरचा, म्हणजे अठ्ठेचाळीस वॅटचा तुमचा पंखा. हे सगळं आयडलच्या विजेवर निभतं का, ते मल्टिमीटर सांगतो. इंजिन आयडलवर, हेडलाइट आणि पंखा चालू, ब्रेक दाबलेला, अशा वेळी बॅटरीच्या टोकांवर तेरा व्होल्टच्या वर दिसायला हवं. बाराच्या घरात उतरत असेल तर पंखा बॅटरीचं भांडवल खातोय. साडेतीनशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत आठ अँपिअर-तासांची बॅटरी असते. चार अँपिअरचा पंखा एक तास नुसत्या बॅटरीवर चालला की निम्मी रिकामी. रॉयल एनफिल्डच्या नव्या क्लासिकला किक नाही, तेव्हा पुढं धक्का मारायला माणसं शोधा. व्होल्ट पडत असतील तर पंखा लहान घ्या किंवा हॅलोजन काढून चांगला एलईडी बसवा.

वायर हेडलाइटच्या लाइनीतून चोरू नका. बॅटरीच्या धन टोकापासून, वीतभराच्या आत, फ्यूज. चार-पाच अँपिअरच्या पंख्याला दहाचा फ्यूज पुरतो, कारण सुरू होताना तो क्षणभर जास्त ओढतो. फ्यूजमधून वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून पंख्याला, ८५ अर्थला, आणि ८६ ला इग्निशन चालू असतानाच वीज येणाऱ्या तारेतून बटणमार्गे. दीड चौरस मिलिमीटरची गाडीची वायर घ्या, घरातली नको. तिचं आवरण उष्णता आणि थरथर सोसत नाही. बेंड पाइपजवळून जाणं टळत नसेल तर काचतंतूची नळी चढवा. पिळून टेप मारलेला सांधा कुणालाही करू देऊ नका. लॉजिंगसमोर रात्री गाडी उभी असताना जळते ती अशाच सांध्यापायी.

बटण हातानं दाबायचं की आपोआप? मी दोन्ही ठेवलं. बाजारात केएसडी ३०१ नावाचा अंगठ्याएवढा थर्मोस्टॅट चाळीस-पन्नास रुपयांच्या आत मिळतो. घेताना दुकानदाराला स्पष्ट सांगा की तापल्यावर जोडणारा हवा. इस्त्री-गिझरसाठीचे तापल्यावर तोडणारे असतात, आणि तो चुकून आला तर पंखा गार इंजिनावर फिरेल, गरम झाल्यावर थांबेल. त्याच्यावर दहा अँपिअर लिहिलेलं असतं, पण ते घरच्या विजेचं. बॅटरीच्या विजेवर त्याची टोकं जळतात, म्हणून त्याच्याकडून फक्त रिले चालवून घ्यायचा, पंखा थेट नाही. बसवायचा खाली, ऑइलच्या टाकीच्या अंगाला, मध्ये उष्णता वाहणारी पेस्ट लावून. हेडवर लावाल तर करपेल. मी शंभर अंशांचा घेतला. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर कुठं आहे तेही बघा. पंख्याचा झोत थेट त्याच्यावर पडला तर इसीयूला इंजिन गार वाटतं आणि तो जादा पेट्रोल देतो.

हँडलवर एक छोटा लाल दिवा जोडा, पंखा फिरतोय हे सांगणारा. वेगानं जाताना वारा पंख्याला उगाच गरगर फिरवत राहतो, बेअरिंग झिजतं. त्यावर उपाय फारसा नाही, वर्ष-दोन वर्षांनी पंखा बदलायचा. इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटं हेडचं तापमान वाढत जातं, कारण आतली उष्णता बाहेर यायची असते. तेव्हा किल्ली चालू ठेवून तीन-चार मिनिटं पंखा फिरवला तर चालतं. बॅटरीतून पाव अँपिअर-तासाच्या आसपास जातो.

सगळं बसल्यावर पुन्हा तोच थर्मामीटर, तेच काळे ठिपके, तोच रस्ता, शक्यतो तीच वेळ. वहीतले जुने आकडे शेजारी ठेवा. पाच मिनिटांच्या थांब्यात दहा अंशांचाही फरक दिसत नसेल तर पंखा चुकीच्या जागी आहे, किंवा तुम्हाला त्याची गरजच नव्हती. 'आता गाडी कशी गार वाटते' हे मित्रांचं प्रमाणपत्र धरू नका. पैसे खर्च केल्यावर सगळ्यांनाच गार वाटतं.

लडाखवाल्यांसाठी एक इशारा. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. पंखा तेवढ्याच वेळा फिरतो, पण फेकतो ती विरळ हवा. वर थंडी आहे म्हणून इंजिन तापणार नाही, या भरवशावर पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास चढ ओढू नका. तिथं पंख्यापेक्षा थांबून चहा पिणं जास्त कामाचं.

वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग कापलं की पुढची विजेची कुठलीही तक्रार तुमच्या माथी येऊ शकते, म्हणून मूळ तारा न कापता, प्लगला प्लग जोडून काम करा आणि विमा कंपनीला बदलाची माहिती द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलाला छेद देणाऱ्या बदलांना मनाई करतं. क्लॅम्पवरचा, काढता येणारा पंखा इंजिन बदलण्याइतका गंभीर नाही, पण नळीबाहेर लांब आलेली धारदार पट्टी पादचाऱ्याला लागली तर कलम शोधायला फार वेळ लागत नाही. कडा गोल घासून घ्या.

आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल, रेल्वेचं फाटक असो की उसाच्या ट्रॅक्टरमागची रांग, तर किल्ली फिरवून इंजिन बंद करा. माझा पंखा आता वर्षात आठ-दहा दिवसच खरा लागतो: एप्रिलातली रॅली, लग्नसराईतल्या दोन-तीन वराती, महाशिवरात्रीला औंढा नागनाथची गर्दी. मृग लागला की मी दोन क्लॅम्प सोडवून तो उतरवतो, वायरच्या टोकाला रबरी टोपी घालून लेगगार्डला बांधतो, पात्यांमधला काळा चिखल धुतो आणि ठिबकच्या सामानाशेजारी खुंटीला अडकवून ठेवतो. छपरी तेवढी मिस्त्रीकडं असते, दर वर्षी तो तिच्यात काहीतरी सुधारणा करतो.